एकट्याची होडी आणि लोकांची वर्गणी

२७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचे एक मादी कासव अंडी घालण्यासाठी वाळूवर आले. त्याच्या अंगावर ०३२३३ हा क्रमांक कोरलेला बिल्ला होता. हा बिल्ला त्याला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी लावलेला होता. बंगालच्या उपसागरातून निघून, श्रीलंकेला वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून हा जीव रत्नागिरी जिल्ह्यात पोहोचला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याच सुमारास बंगळुरूत जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये वाढलेल्या अनन्या प्रसाद हिने कॅनरी बेटांपासून अँटिग्वापर्यंतचा अटलांटिक महासागर एकटीने होडी वल्हवून ५२ दिवसांत पार केला. मानसिक आरोग्याचे काम करणारी ब्रिटनमधील एक संस्था आणि कर्नाटकातील मुलांचा सांभाळ करणारा एक न्यास यांच्यासाठी तिने या निमित्ताने दीड लाख पौंडांहून अधिक निधी जमविला. दोन्ही प्रवास एकाकी, दोन्ही विलक्षण. फरक एवढाच की, कासवाला निघण्यापूर्वी कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

माणसाला तो पसरावा लागतो. एकट्याने महासागर वल्हवण्याच्या मोहिमा आता जगभर पर्यावरणजागृतीच्या नावाने निघत आहेत, आणि वृत्तपत्रांत त्यांची वर्णने येतात ती लाटांची, वादळांची, हाताला आलेल्या घट्ट्यांची. पैशाची कथा सहसा बाजूला राहते. वस्तुतः प्रवासी कितीही एकटा असला, तरी त्याच्या होडीत त्याला पैसा पुरविणारा अदृश्यपणे बसलेलाच असतो. आणि होडीने कोणता संदेश द्यावा, कोणता गिळावा, हे पुष्कळदा तोच ठरवितो. ज्या किनाऱ्यावर उद्योग आणि पर्यावरण यांचा वाद तीन दशके धुमसत राहिला आहे, त्या रत्नागिरीसारख्या किनाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ साहसाचा राहत नाही.

येथे प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. मोहिमेसाठी जमविलेला पैसा आणि मोहिमेतून जमविलेला पैसा या दोन वेगळ्या थैल्या होत. पहिल्या थैलीतून होडी येते, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, सौर तावदाने, संकटसूचक यंत्र, उपग्रह दूरध्वनी (भारतात तो बाळगण्यासही सरकारची परवानगी लागते), दोन-तीन महिन्यांचा कोरडा शिधा, होडीची जहाजावरून ने-आण आणि विमा. दुसरी थैली त्या कार्यासाठी असते, ज्याचे नाव पुढे करून मोहीम निघालेली असते. देणगीदाराला बहुधा दुसरी थैली दाखविली जाते आणि पैसा पहिलीत पडतो. यात लबाडीच असते असे नव्हे. होडीच नसेल तर जागृती कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु दोन्ही थैल्यांचा हिशेब वेगळा मांडला नाही, तर देणाऱ्याला आपण कशासाठी दिले हे कळत नाही आणि घेणाऱ्यालाही आपण कोणाचे देणे लागतो याचा विसर पडतो.

पैसा कोणाचा हे शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे: होडीचे नाव वाचावे. महासागर वल्हवून पार करण्याचा इतिहास ज्या सफरीपासून सुरू झाला, ती १८९६ सालची. जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युअलसन हे मूळचे नॉर्वेचे, अमेरिकेत शिंपले काढून पोट भरणारे दोन कष्टकरी न्यूयॉर्कहून निघाले आणि ५५ दिवसांनी इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर पोहोचले. त्यांच्या होडीचे नाव 'फॉक्स'. हे कोल्ह्याचे नाव नसून 'पोलीस गॅझेट' या खपाऊ नियतकालिकाचे मालक रिचर्ड फॉक्स यांचे होते. प्रसिद्धीतून चार पैसे हाती येतील ही त्या दोघांची आशा फारशी फळाला आली नाही. लाभली ती फॉक्स यांनी दिलेली सुवर्णपदके. नाव मात्र मालकाचे राहिले, आणि सव्वाशे वर्षांनंतरही या लेखात त्यांचा उल्लेख करावा लागतो आहे. जाहिरातीवरचा इतका किफायतशीर खर्च क्वचितच कोणी केला असेल.

यापुढील उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात पर्यावरण आहे. रॉझ सॅव्हेज ही लंडनमधील व्यवस्थापन सल्लागाराची नोकरी सोडून समुद्रावर गेलेली इंग्रज स्त्री. २००६ साली तिने अटलांटिक पार केला, २००८ ते २०१० या काळात तीन टप्प्यांत पॅसिफिक, आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाहून मॉरिशसपर्यंत हिंदी महासागर. हवामानबदल आणि समुद्रातील प्लास्टिक हे तिचे विषय. पॅसिफिकच्या पहिल्या टप्प्यात, २००८ साली, तिला भर समुद्रात प्लास्टिकच्या सुमारे पंधरा हजार बाटल्यांवर तरंगणारा एक तराफा भेटला; त्यावरील दोघे संशोधकही याच जागृतीसाठी निघालेले. तिचे पाणी गोडे करणारे यंत्र बिघडले होते, त्यांच्याजवळचे अन्न संपत आले होते. तिने अन्न दिले, त्यांनी पाणी दिले. पैसा मध्ये न येता झालेला असा व्यवहार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वस्तुविनिमयाचे उदाहरण म्हणून घालण्यास हरकत नाही. पण त्या वेळी तिच्या होडीचे नाव 'ब्रोकेड' असे होते, आणि ब्रोकेड ही संगणकजाळ्यांची सामग्री बनविणारी कॅलिफोर्नियातील कंपनी होती. या कंपनीचा आणि रॉझच्या संदेशाचा उघड विरोध नव्हता, म्हणून ते निभावले. पुढे २०२४ साली ती ब्रिटिश संसदेत निवडून गेली आणि तिने हवामान व निसर्ग यांविषयीचे विधेयक मांडले. होडीवरून जे मागता येत नव्हते ते तिला सभागृहात मागता आले, असे म्हणता येईल.

भारतीयांनी या क्षेत्रात काही केलेच नाही असे मानण्याचे कारण नाही. १९६९ साली, म्हणजे जॉन फेअरफॅक्स अटलांटिकवर एकट्याने वल्ही मारीत होता त्याच वर्षी, पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज ड्यूक हे दोघे कलकत्त्याहून अंदमानपर्यंत वल्हवीत गेले. त्यांच्या होडीचे नाव 'कान्होजी आंग्रे'. मराठी आरमाराच्या सरखेलाचे नाव बंगालच्या उपसागरात एका वल्ह्यांच्या होडीवर मिरवले, ही गोष्ट कोकणात आज किती जणांना ठाऊक असेल? २००७ मध्ये भाविक गांधी या भारतीय तरुणाने १०६ दिवसांत अटलांटिक एकट्याने पार केला. त्यांची नावे शाळेच्या पुस्तकात आली नाहीत. हाही एक हिशेबच आहे.

वल्ह्यांऐवजी शिडाच्या नौकेकडे वळले, तर पैशाचा दुसरा उगम दिसतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांनी नौदलातून निवृत्त होऊन फलटणजवळच्या विंचुर्णीत मुक्काम केल्यावरही एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास सोडला नाही. अखेर नौदलाने ती कल्पना उचलली. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली आणि दिलीप दोंदे या नौदल अधिकाऱ्याने ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरांवर थांबत ती प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, कोठेही न थांबता, ती पुन्हा केली. हा खर्च करदात्यांचा होता आणि तो वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. २०२४-२५ मध्ये 'तारिणी'तून प्रदक्षिणा करणाऱ्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी तर पॅसिफिकमधील पॉइंट नेमो या भूमीपासून सर्वांत दूरच्या जागी पाण्याचे नमुने घेतले. ते राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासासाठी होते. नुसत्या घोषणेपेक्षा बाटलीभर पाणी अधिक उपयोगी, हे यावरून पटावे.

परंतु सरकारी पैशाचीही एक मर्यादा आहे. म्हादेई हे एका नदीचे नाव. ही नदी गोवा आणि कर्नाटक यांच्या पाणीतंट्याचा विषय होऊन बसली. लवादाचा निवाडा २०१८ मध्ये आला, तरी वाद शमला नाही. नदीचे नाव घेऊन एक नौका दोनदा जगाभोवती फिरून आली, पण त्या नदीविषयी ती काही बोलली नाही. तिने बोलावे अशी अपेक्षाही गैर. सरकारच्या खर्चाने निघालेली नौका सरकारांच्या भांडणात साक्ष कशी देणार?

आणि जेव्हा सरकारी छत्र नसते तेव्हा? अभिलाष टॉमी यांनी नौदल सोडल्यावर २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भाग घेतला. २०१८ च्या याच शर्यतीत ते हिंदी महासागरात जबर जखमी झाले होते. एप्रिल २०२३ मध्ये, शेवटपर्यंत टिकून, त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. त्या नौकेचे नाव होते 'बयानात', आणि ते अबू धाबीतील एका कंपनीचे. एकशे चाळीस कोटींच्या देशातील सर्वांत नामांकित एकांडा दर्यावर्दी, आणि त्याच्या मागे उभे राहण्यास आखाती कंपनी पुढे आली. भारतीय उद्योगजगताकडे पैसा नाही, असे यावरून कोणी अनुमान काढील तर ते हास्यास्पद ठरेल.

या विसंगतीचे एक कारण कायद्यातही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करण्याचे बंधन घातले. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरणरक्षण आहे, खेळांचे प्रशिक्षणही आहे. पण २०२१ च्या सुधारित नियमांनी आपल्या मालाची जाहिरात साधण्यासाठी केलेले प्रायोजन त्यातून वगळले. म्हणजे कंपनीने होडीवर आपले नाव रंगविले की तो जाहिरातीचा खर्च होतो, आणि नाव न रंगविता पैसा द्यावा तर संचालक मंडळाला त्यात रस उरत नाही. नियम योग्यच आहे. दानाच्या खात्यातून जाहिरात होऊ नये. परिणाम मात्र असा की, एकट्या साहसवीराच्या वाट्याला केवळ जाहिरात खात्यातील पैसा उरतो. आणि जाहिरात खाते कोठल्या प्रवासाला पैसा देईल? ज्याने कोणाची अडचण होणार नाही, त्याला.

रत्नागिरीत ही अडचण कोणाची होईल हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. १९९० च्या दशकारंभी स्टरलाइटचा तांबे प्रकल्प येथून लोकविरोधामुळे हलला व तुतिकोरिनला गेला. त्यानंतर गुहागर तालुक्यात एन्रॉनचा वीज प्रकल्प, मग जैतापूरची अणुभट्टी, नाणार आणि पुढे बारसू येथील तेलशुद्धीकरण, लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी: या प्रत्येक प्रश्नावर जिल्हा दुभंगला. नोकरी हवी म्हणणारेही येथलेच आणि समुद्र हवा म्हणणारेही येथलेच. दोघांपैकी एकाला खोटे ठरविणे मुंबईत बसून सोपे वाटते. अशा जिल्ह्यातून उद्या एखादा तरुण वा तरुणी समुद्ररक्षणाची हाक देण्यासाठी एकट्याने होडी घेऊन निघाली, तर तिला मोठी रक्कम देऊ शकणारे जे कोणी असतील, त्यांतील पुष्कळांचा या वादांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध असणार. त्यांचा पैसा घेतला तर किनारा विश्वास ठेवणार नाही. न घेतला तर होडी बंदरातच राहील.

यावर एक जुना तोडगा आहे आणि तो याच मातीशी नाते सांगणारा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. त्याच नावाची शाळा आजही संगमेश्वरात चालते. कोकणातील किती शाळा, वाचनालये आणि साकव मुंबईच्या गिरणगावातून आलेल्या मनीऑर्डरींवर आणि गावकऱ्यांच्या मुंबईतील मंडळांच्या वर्गणीवर उभे राहिले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमीच. माणशी एक रुपया धरला तरी सोळा लाख होतात. पूर्वी या गणिताला एक खोट होती: रुपयाची पावती फाडण्यास रुपयाहून अधिक खर्च येई. भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याच्या सोयीने ती खोट जवळजवळ नाहीशी केली आहे.

सरकारी सवलतींवर मात्र भिस्त ठेवू नये. प्राप्तिकर कायद्यातील देणगीची वजावट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीला दिलेल्या रकमेवर नाही; आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या शिक्षक-कारकुनांना तर ती मुळीच नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोकणी माणसाची देणगी संस्थेने घ्यायची, तर परकीय देणगी कायद्याखालील नोंदणी आड येते. हे सारे सोपस्कार गृहीत धरूनही लहान वर्गणीचा एक मोठा गुण शिल्लक राहतो. सोळा लाख मालकांना होडीवर आपापले नाव रंगविता येत नाही.

आक्षेप येईल तो रोकडा आहे. इतका पैसा होडीत घालण्यापेक्षा मिरकरवाड्याच्या बंदरातला कचरा उचलण्यास का देऊ नये? राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ मध्ये आली. समुद्रातल्या प्लास्टिकची जाणीव जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला कोणी करून देण्याची गरज नाही, ते त्याच्या जाळ्यातच येते. मग जागृती कोणाची करायची? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्याला अर्धे उत्तर असे की, कचऱ्याच्या गाडीसाठी जो माणूस खिशात हात घालत नाही, तो साहसासाठी घालतो; दोन्हींचा पैसा एकाच खिशातून येत असला तरी एकाच इच्छेतून येत नाही. उरलेले अर्धे उत्तर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळास गावी सापडते.

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. (हिशेबाची परंपरा गावाला जुनीच आहे.) २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना तेथे कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. अंडी माणसे नेत होती, कोल्हे-कुत्रीही खात होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभागाच्या साहाय्याने घरटी राखली. गावातल्याच लोकांना राखणीच्या कामात घेतले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी शहरांतून माणसे येऊ लागली, गावकऱ्यांच्या घरी राहू लागली, जेवू लागली आणि पैसे देऊ लागली. अंडे विकून एकदाच मिळणारे पैसे आणि पिलू दाखवून दर हंगामात मिळणारे पैसे यांतील फरक गावाला कोणी फळ्यावर लिहून शिकविला नाही. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावरच्या एका कासवाच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविले गेले आणि त्याचे नाव 'प्रथमा' ठेवण्यात आले. पुढे आंजर्ले आणि गुहागर येथेही तसेच झाले. समुद्रातून एकट्याने चाललेला प्रवास हजारो माणसे घरबसल्या पाहू लागली. वेळासचे यश जागृतीत जितके आहे, त्याहून अधिक ते जागृतीचा पैसा गावात राहिला यात आहे.

होडीच्या मोहिमेला हीच कसोटी लावली, तर अटलांटिकची ओढ थोडी कमी होते. वेळासच्या वाळूपासून विजयदुर्गाच्या खाडीपर्यंत, हर्णै, दाभोळ, जयगड, मिऱ्या, पूर्णगड, जैतापूर असे बंदराबंदराला थांबत, पावसाळ्यानंतरच्या शांत समुद्रात एकट्याने वल्हवीत जाणे हा विक्रम ठरणार नाही आणि त्याला पुरस्कर्ताही मिळणार नाही. खर्च मात्र महासागरी मोहिमेच्या मानाने अल्प येईल. वल्हवणाऱ्याला प्रत्येक बंदरात पाण्याचा नमुना घेता येईल आणि तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडे सोपविता येईल. रात्री मुक्काम कोळीवाड्यात, जेवणाचे पैसे त्याच घरी. त्या घरातला म्हातारा तांडेल या साहसाला हसण्याची शक्यताही गृहीत धरावी. त्याने सारा जन्म हेच केले, वर्गणी न मागता.

अशी मोहीम निघालीच, तर पावतीपुस्तकावर तीन गोष्टी आधीच छापलेल्या असाव्यात: होडीवर किती खर्च होणार, कार्यासाठी किती उरणार, आणि सफर संपल्यावर होडी कोणाची. या तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वर्गणीतून घेतलेली होडी वल्हवणाऱ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहता कामा नये. ती किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेला मिळावी, आणि तिच्या देखभालीची वर्षाची रक्कमही त्याच वर्गणीतून काढून ठेवलेली असावी. होडीला नाव काय द्यावे हे ठरविण्याचा अधिकार त्या शाळेतील मुलांना दिला, तर तो वाद मात्र मोठ्यांनी मिटवू नये.